एका दमाची रेघ

१

रोज सकाळी पावणेदहाला चिसातो मिनेगिशी ओदागिरींच्या दुकानाचा जिना चढून वर यायची, हीटर लावायची, खिडक्यांचे पडदे सरकवायची आणि मग दिवसातल्या तिच्या सगळ्यात लाडक्या कामाला हात घालायची. वरच्या मजल्यावर फक्त पेनं होती. लांबलचक टेबलावर पेनांच्या रांगा, आणि त्यांच्या पुढ्यात, गिऱ्हाइकांना पेन चालवून बघता यावं म्हणून, एकाला एक चिकटून ठेवलेली चार पॅडं. प्रत्येक पॅडवरचा कालचा कागद फाडायचा आणि खालचा कोरा कागद उघडा करायचा, काम एवढंच. पण चिसातो ते कागद टाकून देत नसे. खिडकीशी उभी राहून ती ते वाचायची.

पेन चालवून बघताना माणसं काय काय लिहितात! गोल गोल भोवरे. स्वतःचं नाव, आणि लगेच लाजून त्यावर मारलेली काट. 'भूक लागली.' शाळकरी मुलींनी काढलेली मांजरं. आणि ज्यांना खरोखरच बारीक टोकाचं पेन हवं असतं ती माणसं 'उदास' या अर्थाचं जपानी चित्राक्षर लिहितात. एकोणतीस रेघांचं ते एक अक्षर. जाड पेनानं लिहिलं तर नुसता शाईचा डाग पडतो. अठ्ठावीसच्या पेनानं, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षा जेमतेम जाड टोकाच्या पेनानं लिहिलं, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एकोणतीसच्या एकोणतीस रेघा सुट्या दिसतात. तसं अक्षर एखाद्या कागदावर सापडलं की चिसातोचा दिवस चांगला जायचा. 'उदास' लिहून एवढं सुखी कुणी होत नसेल, असं तिचं तिलाच हसू यायचं.

तिच्यासाठी लोक लांबून आगगाडीनं ताकाओकाला येत. माणसाची पेन धरायची पद्धत नुसती बघून ती सांगायची, "तुमचा हात जड आहे. पंचवीस नको, महिन्यात टोक बसेल. अडतीस घ्या, आणि खाली कागद जरा गुळगुळीत वापरा." माणूस हट्टानं पंचवीस घेऊन जायचा आणि महिन्याभरानं मान खाली घालून परत यायचा.

दुकानाच्या मालकीणबाई, सहासष्ट वर्षांच्या यासुए ओदागिरी, खाली कुंचले आणि शाईच्या वड्या घेऊन बसत. कुंचल्याहून बारीक असं जे काही असेल ते त्यांच्या लेखी शिवणकामाचं सामान.

"आज किती सुया विकल्यास?" संध्याकाळी त्या जिन्याखालून ओरडत.

"सतरा. तुमचे कुंचले किती गेले?"

"कुंचला जात नसतो गं. कुंचल्याकडे माणूस येतो."

"मग आला का कुणी?"

"गप्प बस आणि दिवे मालव."

एक गोष्ट मात्र ओदागिरी थट्टेतही काढत नसत. चिसातोला स्वतःला रेघ ओढता येत नव्हती. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत ती वनस्पतींची चित्रं काढायची. पानाच्या शिरा, देठावरची लव, सगळं बारीक पेनानं. मग एका वसंतात एका देठाची रेघ निम्म्यावर असताना तिची बोटं आपोआप आवळली आणि पेन कागद फाडून गेलं. डॉक्टरांनी हात तपासले, सगळं ठीक आहे म्हणाले. हात ठीक होता. पत्ता लिहायचा, सही करायचा. पण लांब रेघ ओढायला पेन टेकवलं की मूठ दगडासारखी व्हायची. नऊ वर्षांत तिनं नखापेक्षा लांब रेघ ओढली नव्हती. आता ती पेनं विकायची, आणि दुसऱ्यांच्या रेघा वाचायची.

जानेवारीच्या एकोणतीस तारखेला सकाळी अशीच वाचत असताना तिला अठ्ठावीसच्या पॅडवर एक रेघ दिसली.

रेघ अठ्ठावीसची नव्हती. खूप बारीक होती. चिसातोनं खिशातलं भिंग काढलं. दुकानातलं सगळ्यात बारीक पेन घेऊन तिनं शेजारी नखाएवढी खूण केली. भिंगाखाली ती खूण त्या रेघेशेजारी दोरखंडासारखी दिसली.

रेघ कागदाच्या डाव्या कडेनं आत आली होती, भोवऱ्यांच्या आणि नावांच्या मधून वळणं घेत गेली होती आणि उजव्या कडेनं बाहेर पडली होती. वाटेत ती कशालाच शिवली नव्हती. फक्त एका ठिकाणी, एका मांजराच्या मिशीचा केस तिच्यावरून गेला होता. चिसातोनं भिंग तिथे स्थिर धरलं. मिशी वर होती. रेघ खाली.

म्हणजे रेघ आधीची. दिवसभर वीस-पंचवीस माणसं त्या कागदावर लिहून गेली होती, आणि सगळ्यांनी, नकळत, त्या रेघेला वाट सोडली होती. आणि काल सकाळी तो कागद कोरा होता. तिनंच तो उघडा केला होता.

२

साडेअकराला कुझे आले. एक्क्याऐंशी वर्षांचे, गोदीत चाळीस वर्षं जहाजांचे नकाशे काढलेले. बायको गेल्यापासून ते रोज यायचे, एखादं पेन चालवून बघायचे आणि चिसातोशी टोकांबद्दल भांडायचे. एकाला सुईसारखं निमुळतं टोक आवडायचं, दुसरीला शंकूसारखं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"पेन उचललेलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे एका दमात ओढलीय. माणूस श्वास घेतो ना मिनेगिशी-सान, तेव्हा रेघेला कळतं. हिला कळलेलं नाही." त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "इथून बाहेर गेलीय, म्हणजे कुठेतरी आत आली असणार. बाकीचे तीन कागद कुठायत?"

चारही कागद त्यांनी टेबलावर पॅडांच्या क्रमानं लावले. अडतीस, अठ्ठावीस, पंचवीस, अठरा. रेघ एका कागदातून दुसऱ्यात जात होती, वळून परत येत होती, पुन्हा जात होती. कुझे दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी डोळे बारीक केले.

"ही तर तुमचीच खोली आहे," ते म्हणाले.

चिसातोही मागे सरली. आधी तिला नुसती गुंतागुंत दिसली. मग एकदम छताच्या तुळया दिसल्या. टेबल. खिडक्या. आणि टेबलाशी पाठमोरी उभी असलेली एक बाई. केस मानेवर बांधलेले, अंगात दुकानाचा फिकट राखाडी कोट.

"कुणीतरी गंमत केलीय," चिसातो म्हणाली. तिच्या आवाजात थोडं कौतुकच होतं. एवढी बारीक रेघ ओढणारं माणूस तिला भेटायला हवं होतं.

कुझेंना गंमत वाटलेली दिसत नव्हती. ते कागदाकडे आणि खोलीकडे आळीपाळीनं बघत चालू लागले. एक डोळा मिटून, तुळयांची आणि खिडकीची जुळणी करत, मागच्या जुन्या वह्यांच्या उंच कपाटाच्या दिशेनं. एका जागी ते थांबले, अर्धं पाऊल डावीकडे सरकले.

"इथून," ते म्हणाले. "काढणारा इथे उभा होता."

खोलीच्या ऐन मधोमध, रिकाम्या वाटेत. टेबलापासून सात पावलांवर.

"मी इथेच असते दिवसभर, कुझे-सान. तिथे उभं राहून कुणी चार कागदभर चित्र काढलं असतं तर मला दिसलं नसतं का?"

"तुमची पाठ आहे ना इकडे," कुझे म्हणाले.

३

चिसातोच्या टेबलाखाली एक खण होता. त्यात ती आवडलेले कागद ठेवायची आणि आवडले नाहीत तेही ठेवायची. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं महिन्याभराचे कागद काढले आणि तारखांप्रमाणे चार-चार लावत गेली.

रेघ नऊ जानेवारीपासून होती.

नऊ तारखेच्या चित्रात जवळजवळ काहीच नव्हतं. डावीकडे उभी दाट रेघारेघ, उजवीकडे उभी दाट रेघारेघ, आणि मधल्या चिंचोळ्या फटीत लांबवर एक टेबल आणि तीन मिलिमीटर उंचीची पाठमोरी बाई. ती फट कसली ते कळायला चिसातोला वेळ लागला. मग तिनं मान वर करून कपाटाकडे बघितलं. वह्यांचं कपाट भिंतीला टेकलेलं नव्हतं. मधे तळहाताएवढी जागा होती. मांजरसुद्धा तिथे उभं राहिलं नसतं.

तिनं पट्टी घेतली. बारा तारीख, चार मिलिमीटर. सतरा, सहा. बावीस, नऊ. पंचवीसला कपाटाची कड चित्राच्या बाजूला सरकली होती. कालची बाई एकोणीस मिलिमीटरची होती.

बाई मोठी होत नव्हती. काढणारा जवळ येत होता.

हे आपल्याला कळलं आहे, हे कळल्यावर चिसातो सावकाश उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्या फटीत वाकून बघितलं. धूळ. एक जुनी रबराची चकती. गारवा. तिनं फटीत हात घालून बघितला. मनगटापर्यंत गेला, पुढे अडला.

खाली जाऊन तिनं ओदागिरींना सगळे कागद दाखवले. ओदागिरी आधी हसल्या. "कुणीतरी प्रेमात पडलंय तुझ्या! पाठीच्या का होईना." मग त्यांनी चष्मा लावला, पुन्हा बघितलं, आणि त्यांचं हसू कमी कमी होत गेलं.

"ही पाठ तू आहेस," त्या म्हणाल्या. "कॉलरला मी घातलेला टाका पण आहे. डावीकडचा."

तो टाका कापडाच्या रंगाचाच होता. हाताच्या अंतराशिवाय कुणाला दिसण्यासारखा नव्हता.

"उद्यापासून खाली बस माझ्याजवळ," ओदागिरी म्हणाल्या. "वरचा मजला बंद करू थोडे दिवस."

"आणि माझी पेनं?"

"मरू देत तुझ्या सुया!"

"नाही," चिसातो म्हणाली. ती का नाही म्हणाली ते तिला सांगता आलं नसतं. भीती वाटत नव्हती असं मुळीच नव्हतं. पण नऊ वर्षं ती एका खोलीत होती, आणि त्या खोलीत तिच्याहून चांगली रेघ ओढणारं कुणीतरी आलं होतं. ते तिला सहन होत नव्हतं.

४

तीस तारखेला तिनं दहाला चारही कोरे कागद भिंगाखाली तपासले. स्वच्छ. सव्वादहाला, एकही गिऱ्हाईक वर आलेलं नसताना, रेघ तिथे होती. पाच पावलं. ती भराभर मागे वळली. कपाट, खिडक्या, हीटर. हीटरचा पत्रा गरम होताना टिक टिक वाजत होता. नेहमी वाजायचा तसाच.

एकतीसला ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं, खोलीकडे तोंड करून बसली. दिवसभर काही झालं नाही. चार वाजता खालून फोन आला म्हणून तिनं भिंतीवरचा रिसीव्हर उचलला, दोन वाक्यं बोलली, वळली. तीन पावलं. चित्रातली बाई आता कागदभर होती. रिसीव्हर कानाला, मान तिरकी. मानेवरचे सुटे केस एकेक काढलेले.

एक फेब्रुवारीला तिनं पॅडंच काढून टाकली. गिऱ्हाइकं कुरकुरली. चिसातोनं पेनं कोऱ्या बिलांच्या पाठीवर चालवून दाखवली आणि संध्याकाळी सगळे चिटोरे भिंगानं तपासले. काही नव्हतं. तिला एवढं हलकं वाटलं की जिना उतरताना ती गुणगुणत होती. खाली येऊन तिनं कोट काढला आणि खुंटीला लावायला ओदागिरींच्या हातात दिला.

ओदागिरी कोट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"चिसातो."

त्या तिला नावानं कधीच हाक मारत नसत.

कोटाच्या पाठीवर, उजव्या खांद्यापासून खाली, वीतभर लांबीची एक रेघ होती. केसाहून बारीक. सरळ. थोडीही थरथर नसलेली.

ओदागिरींनी ओल्या फडक्यानं पुसली, साबण लावला, शाई काढायचं औषध लावलं. कापड विटलं, रेघ राहिली. चिसातो स्टुलावर बसून होती. आपल्या पाठीला काहीच जाणवलं नव्हतं, हे ती पुन्हा पुन्हा आठवून बघत होती. गुणगुणताना आपण कोणतं गाणं म्हणत होतो, तेही तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी कुझे आले तेव्हा तिनं त्यांना कोट दाखवला. कुझे फिके पडले. पण पळाले नाहीत. खालच्या बाकावर बसून त्यांनी ओदागिरींनी दिलेला चहा प्यायला.

"मला यातलं काही कळत नाही," कुझे म्हणाले. "देवळात जा म्हणून सांगणारे खूप भेटतील, मी ते सांगणार नाही. गोदीत आम्ही काय करायचो तेवढं सांगतो. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशाबद्दल शंका आली की कागदाशी वाद घालत बसायचं नाही. उठायचं, जागेवर जायचं, समोर उभं राहायचं, आणि स्वतःच्या हातानं नव्यानं काढायचं. ज्यानं काढलं त्याचाच नकाशा, असं आमच्यात होतं."

"त्या मुलीला रेघ ओढता येत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?" ओदागिरी फणकारल्या.

"माहीत आहे."

"मग उगाच कशाला तिच्या जखमेला हात लावता?"

"कारण समोरच्यालाही ते माहीत आहे असं मला वाटतं," कुझे म्हणाले. "सबंध महिनाभर तो या बाईंचे हात सोडून सगळं काढतोय."

चिसातोनं कागद पुन्हा बघितले. खरं होतं. एकाही चित्रात तिचे हात नव्हते. परवाच्या चित्रातला रिसीव्हरही कानाशी नुसताच तरंगत होता.

५

तीन तारखेला पहाटेपासून बर्फ पडत होता. बसगाड्या बंद पडल्या. चिसातो चाळीस मिनिटं चालत दुकानात आली. ओदागिरी दारापुढचा बर्फ फावड्यानं ओढत होत्या.

"आज कुत्रंही यायचं नाही. घरी जा."

"वर जाते."

ओदागिरींनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "मी येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर मी तुमच्याशी बोलत बसेन."

"हाक मार. मी इथेच आहे. फावडं आहे माझ्या हातात, विसरू नकोस."

वर खोली पांढऱ्या उजेडानं भरली होती. रस्त्यावरचा, छपरावरचा बर्फ उजेड खालून वर फेकत होता आणि कुठेही सावली म्हणून नव्हती. चिसातोनं हीटर लावला नाही. टिकटिकीच्या आड काही लपायला नको होतं. तिनं खुर्ची फिरवून टेबलामागे, कपाटाकडे तोंड करून ठेवली. पुढ्यात एक मोठा जाड कागद ठेवला. अठ्ठावीसचं नवं पेन काढलं, टोकावरचा, शाई वाळू नये म्हणून लावलेला मेणाचा ठिपका नखानं काढला, कोपऱ्यात नखाएवढा भोवरा काढून शाई उतरवली. आणि बसली.

बर्फात गाव किती गप्प होतं. खालून फावड्याचा खरखराट. मग तोही थांबला.

मग तिला आवाज आला. बारीक टोक कोरड्या कागदावरून जाताना येतो तो. ओळखीचाच, आयुष्यभराचा. आजवर तो आवाज ऐकून तिला नेहमी आनंदच झाला होता, म्हणून पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. मग तिनं आपल्या हाताकडे बघितलं. हात स्तब्ध होता.

तिनं मान वर केली. खोलीत काही नव्हतं. कपाट होतं, वह्यांचे कणे होते, कपाटाची उभी कड होती. आणि त्या कडेच्या अलीकडे आणखी एक कड होती.

चिसातोनं डोकं किंचित डावीकडे नेलं. कपाटाची कड जागेवर राहिली. दुसरी सरकली. ती कपाटाची नव्हतीच. ती अलीकडे होती, वाटेच्या मधोमध, टेबलापासून दोन पावलांवर. जमिनीपासून छतापर्यंत हवेत उभी असलेली एक काळी रेघ. दुकानातल्या कुठल्याही पेनाहून बारीक.

हे डोळ्यांचं आहे, तिनं स्वतःला सांगितलं. पांढऱ्या उजेडानं डोळ्यांत असे तंतू दिसतात. तिनं डोळे मिटले, उघडले. रेघ तिथेच होती. आणि थोडी जाड झाली होती.

जाड झाली नव्हती. वळत होती.

कागद आडवा, डोळ्यासमोर कडेनं धरला तर रेघच दिसतो. तसं काहीतरी इतके दिवस कडेनं उभं होतं आणि आता सावकाश, अगदी सावकाश, आपली बाजू तिच्याकडे वळवत होतं. केसाएवढं होतं ते दोऱ्याएवढं झालं. मग काडीएवढं. त्या काडीभर रुंदीत काळा नव्हे, पांढरा रंग होता. आणि वर, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, चिसातोला त्या पट्टीत एका डोळ्याचा बाहेरचा कोपरा दिसला. पापणीचे केस एकेक मोजता आले असते. ते रेघांचे होते.

तिला किंचाळायचं होतं. तिनं पेन कागदाच्या वरच्या कडेला टेकवलं.

बोटं आवळली. नऊ वर्षं आवळत आली होती तशीच, एकेक करून, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मूठ दगड झाली. आजवर इथे ती थांबायची. हात सोडवायला बघायची, घाबरायची, पेन खाली ठेवायची. आज समोर जे होतं त्याच्यापुढे मुठीची भीती फार लहान होती. आवळू दे, तिनं ठरवलं. मूठ मुठीच्या जागी राहू दे. तिनं कोपर उचललं, खांदा सैल सोडला, डोळे समोर ठेवले आणि जे दिसत होतं ते खाली ओढायला सुरुवात केली.

पेन चाललं. एक बोट. दोन बोटं. तिनं कागदाकडे बघितलंच नाही. ती त्या कडेकडे बघत होती, टक लावून, वरून खाली, जशी आजवर कुणीतरी तिच्याकडे बघत आलं होतं. आणि वळणं थांबलं. पट्टी काडीएवढीच राहिली. मग पेन पुढे गेलं तशी ती दोऱ्याएवढी झाली. पापणीचा कोपरा आत गेला. चिसातोनं श्वास घेतला. रेघेला कळलं असेल, कळू दे. तिची रेघ होती, ती श्वास घेणाऱ्या बाईची रेघ होती. वीत झाली. वीत ओलांडली. खांदा दुखायला लागला. समोरची रेघ केसाएवढी होती आणि आता ती थरथरत होती. चिसातोची थरथरत नव्हती.

कागदाच्या खालच्या भागात तिनं पेन जमिनीच्या फळीपर्यंत आणलं आणि तिथे फळीची आडवी रेघ काढून आपली रेघ तिला घट्ट मिळवून टाकली.

खोलीत कुणीच नव्हतं.

ती थांबली नाही. थांबायचं सुचलंच नाही. तिनं फळ्या काढल्या. कपाट काढलं, वह्यांचे कणे काढले, तुळया, खिडक्या, खिडकीबाहेरचा बर्फ काढला. ती उभी रेघ तिनं एका दाराची कड करून टाकली, आणि ते दार बंद काढलं. कपाटामागची फट काढायची वेळ आली तेव्हा तिनं क्षणभर विचार केला आणि कपाट भिंतीला चिकटवून काढलं. शेवटी, चित्राच्या अगदी खाली, टेबलाच्या अलीकडे, तिनं स्वतःचे दोन्ही हात काढले. उजव्या हातात पेन.

६

ओदागिरी वर आल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात खरोखरच फावडं.

"दोन तास झाले, आवाज नाही, काही नाही! मला वाटलं..." त्या टेबलाशी आल्या. मग त्यांनी किटली जिथे जागा मिळाली तिथे, जमिनीवरच ठेवली.

"हे तू काढलंस?"

चिसातोनं मान डोलावली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

ओदागिरींनी बराच वेळ चित्र बघितलं. मग बोटानं कपाटावर टिचकी मारली. "हे चुकलंय. कपाट असं भिंतीला टेकलेलं नाहीये."

"नाहीये ना," चिसातो म्हणाली. "चला."

कपाट पन्नास वर्षांत कुणी हलवलं नव्हतं. दोघींनी खांदे लावले, ओदागिरींनी फावडं खाली घालून पहारीसारखं रेटलं, दोन वह्या डोक्यावर पडल्या, ओदागिरींनी कपाटाच्या आधीच्या तीन पिढ्यांना शिव्या घातल्या आणि एका दणक्यात लाकूड भिंतीला जाऊन भिडलं. धूळ उडाली. दोघी खोकत, हसत जमिनीवर बसल्या. हीटर बंदच होता आणि दोघींना घाम फुटला होता.

"परत आलं तर?" ओदागिरींनी विचारलं.

"तर पुन्हा काढीन," चिसातो म्हणाली.

चहा पिऊन झाल्यावर ओदागिरी खाली गेल्या आणि वेष्टनाच्या तपकिरी कागदाचं नवं कोरं भेंडोळं खांद्यावर टाकून परत आल्या. ते त्यांनी खोलीच्या भिंतीपासून उलगडायला सुरुवात केली. टेबलावरून, बाकांवरून, जिन्यापर्यंत. जिना आला तेव्हा ते खाली सोडलं, पायरी पायरीनं, थेट दुकानाच्या दारापर्यंत.

"ओढ," त्या म्हणाल्या. "बघू तुझी सुई कुठवर जाते."

चिसातोनं अठ्ठावीसचं तेच पेन भिंतीशी टेकवलं. मूठ आवळली. तिनं लक्ष दिलं नाही. ती चालायला लागली. पेन टेबलावरून गेलं, बाकांवरून गेलं, पायऱ्यांच्या काठांवरून उतरलं. ओदागिरी कागद ताणून धरत पुढे पुढे उलट्या पावलांनी चालत होत्या आणि मोठ्यानं पावलं मोजत होत्या. "तीस! एकतीस! सांभाळ, पायरी!" खाली दाराची काच ठोठावून कुझे आत आले. अंगभर बर्फ. समोर काय चाललंय ते त्यांनी बघितलं आणि टोपी काढून, कागदाला धक्का लागू नये म्हणून, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"उचललं नाही ना कुठे?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही!" ओदागिरी ओरडल्या. "बावन्न! त्रेपन्न!"

दाराशी कागद संपला. ओदागिरींनी टोक वर धरलं आणि म्हणाल्या, "बस. पुरे आता."

चिसातो उंबऱ्यावर उभी होती. बाहेर सगळं पांढरं होतं, अजून एकही पाऊल न उमटलेलं. कागदाच्या टोकापलीकडे, त्या पांढऱ्याच्या दिशेनं पेन नेणारा तिचा हात थांबला नव्हता.